दारापर्यंत नेऊन सोडणारी गाणी

ऑस्ट्रेलियन गायक-गीतकार पॉल केलीने आपल्या कारकिर्दीची पहिली पानं स्वतःच फाडून टाकली आहेत. १९८१चा 'टॉक' आणि १९८२चा 'मनिला' हे 'द डॉट्स' या बँडबरोबरचे त्याचे सुरुवातीचे दोन अल्बम. मेलबर्नच्या पबांमध्ये रात्री उशिरापर्यंत घाम गाळत वाजवणारा रॉक बँड होता तो. पण केली त्या रेकॉर्डना आपलं म्हणत नाही आणि त्या पुन्हा बाजारात आणण्याची त्याला काही हौस नाही. त्याच्या हिशेबी सुरुवात होते ती १९८५च्या 'पोस्ट'पासून, म्हणजे वयाच्या तिसाव्या वर्षी.

हा हट्टीपणा मला आवडतो. माणूस एकदा मोठा झाला की त्याच्या शाळेच्या वहीतल्या कवितासुद्धा आपण छापून काढतो. इथे लिहिणाराच जणू सांगतोय की तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, ते सोडून द्या. आणि 'पोस्ट' ऐकला की त्याचं म्हणणं पटतं.

तो मूळचा ॲडलेडचा, जन्म १३ जानेवारी १९५५चा. मुलांनी भरलेलं कॅथलिक घर. वडील वकील, केली तेरा वर्षांचा असताना ते गेले. आईचे वडील इटालियन ऑपेरा गायक, म्हणजे गळ्याचा वारसा होता, पण तो नातवाच्या गळ्यात उतरला असं म्हणवत नाही. केलीचा आवाज पातळ आहे, जरा नाकातला, वरच्या पट्टीत ओढला की काठावर येतो. शाळेत तो ट्रंपेट वाजवायचा, क्रिकेट संघाचा कप्तान होता. विद्यापीठात गेला, अर्धवट सोडून निघाला, देशभर भटकला. १९७४मध्ये टास्मानियातल्या होबार्टला तो पहिल्यांदा लोकांसमोर गायला. ते गाणं होतं बेन हॉल या दरोडेखोराच्या मरणावरचं जुनं लोकगीत. पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडी स्वतःचं रडगाणं नव्हतं, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

'पोस्ट'च्या आधी सगळं मोडलं होतं. बँड संपला होता, लग्न तुटलं होतं, आणि केली मेलबर्न सोडून सिडनीला आला होता. त्या काळात हेरॉइनही होतं. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने ते लपवलेलं नाही. 'शर्बेट' बँडचा जुना गिटारवाला क्लाइव्ह शेक्सपिअर याच्या छोट्या स्टुडिओत दोन आठवड्यांत, साडेतीन हजार डॉलरच्या आसपास खर्चात हा अल्बम झाला. मोजकी वाद्यं. आधीच्या बँडचा सगळा गोंगाट गळून पडलेला. त्यातलं 'फ्रॉम सेंट किल्डा टू किंग्ज क्रॉस' हे रात्रभराच्या बसचं गाणं आहे. मेलबर्नचं सेंट किल्डा ते सिडनीचं किंग्ज क्रॉस, तेरा तासांचा प्रवास. सिडनीला पोचलेला माणूस तिथलं सगळं बंदर देऊन टाकायला तयार आहे, बदल्यात त्याला सेंट किल्डाचा समुद्रालगतचा एक रस्ता हवाय. घटस्फोटाचा उच्चार नाही, एकटेपणाचा नाही. दोन शहरांच्या जागांची नावं आहेत आणि त्यांची ही घाट्याची अदलाबदल.

इथून पुढे तो असंच लिहीत गेला. मनात काय चाललंय ते सांगायचं नाही. बस कुठली, भाडं कुणी पाठवलं, जेवायला कोण येणार ते सांगायचं. केलीच्या गाण्यातल्या माणसांना आपल्या भावनांवर बोलायला वेळच नसतो, ती कायम काहीतरी व्यवस्था लावत असतात.

तरी त्याला नुसता गोष्टी सांगणारा लोकगायक म्हणणं बरोबर नाही, कारण खाली बँड आहे. सिडनीत त्याने नवा संच जमवला. स्टीव्ह कॉनली हा त्यातला गिटारिस्ट, मोजकं आणि नेमकं वाजवणारा. तो १९९५मध्ये अकाली गेला. बँडचं नाव ठेवलं 'कलर्ड गर्ल्स', म्हणजे काळ्या मुली. लू रीडच्या एका गाण्यातल्या ओळीवरून केलेली ती थट्टा होती, बँडमध्ये सगळे गोरे पुरुष. अमेरिकेत रेकॉर्ड काढायची वेळ आली तेव्हा या थट्टेचा तिथे काय अर्थ लागेल हे लक्षात आलं आणि नाव झालं 'द मेसेंजर्स'. १९८६चा 'गॉसिप' हा डबल अल्बम आणि १९८७चा 'अंडर द सन' या संचाचे. ढोलकरी पुढे ढकलत राहतो, कडवं संपलं की गिटार एक लहानशी ओळ वाजवून बाजूला होते, आणि गोष्ट सांगणाऱ्याला रेंगाळता येत नाही. रॉकने केलीला काय दिलं असेल तर ही घाई. तीन मिनिटांत संसार मोडून पुन्हा जोडायचा असेल तर वर्णनं करत बसायला जागा नसते.

'टू हर डोअर' घ्या. लवकर लग्न, पैसा नाही, नोकरी गेली, दारू सुरू झाली, भांडणं. ती दोन्ही मुलांना घेऊन भावाकडे जाते, एका बारमध्ये थोडंफार काम धरते. तो 'द बटरी' या न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात वर्षभर राहतो. मग पत्र लिहितो, भेटायचंय म्हणतो. पत्रावरून तो तिला जरा सावरलेला वाटतो, ती प्रवासाचं भाडं पाठवते. त्याची बस मुसळधार पावसात उसाच्या शेतांमधून निघते. मेलबर्नला उतरल्यावर तो टॅक्सी करतो, सीटवर बसून थरथरतो, मुलं आपल्याला ओळखू येतील का याचा विचार करतो. टॅक्सी तिच्या दाराकडे निघालेली असतानाच गाणं संपतं.

दार उघडलं का? कोणी उघडलं? केली सांगत नाही. मला हे गाणं माहीत झाल्यावर कितीतरी दिवस वाटायचं, आणखी एक कडवं असायला हवं होतं. आता वाटतं, ते असतं तर गाणं फुकट गेलं असतं. समेट झाला असता तर सिनेमा झाला असता, नसता झाला तर शोकांतिका. दाराअलीकडे थांबल्यामुळे तो माणूस अजून टॅक्सीत आहे. भाडं तिने पाठवलंय ही एवढी एकच गोष्ट त्याच्या बाजूने आहे. कवी म्हणून केलीची सगळी शक्ती मला या भाड्याच्या पैशात दिसते. क्षमा म्हणायला तिला जड गेलं असतं, तिकिटाचे पैसे पाठवणं जमलं.

हा संयम त्याने काही प्रमाणात वाचनातून उचलला असणार. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरची एक कथा आहे, मासेमारीला गेलेल्या मित्रांना नदीत एका तरुणीचं प्रेत दिसतं आणि तरी ते मासेमारी आटोपूनच परततात. केलीने तिच्यावर गाणं केलं आणि १९८९च्या अल्बमला त्या कथेचंच नाव दिलं, 'सो मच वॉटर सो क्लोज टू होम'. गाणं त्यातल्या एकाच्या बायकोच्या तोंडी आहे. घरात परत आलेल्या नवऱ्याकडे ती कशी बघते, एवढंच. पुढे केलीने शेक्सपिअरच्या सुनीतांना चाली लावल्या, पक्ष्यांवरच्या कवितांना लावल्या. ते सगळं मी आदराने ऐकतो. वारंवार नाही ऐकत.

आता 'हाउ टू मेक ग्रेव्ही'. मेलबर्नला राहायला आल्यावर २१ डिसेंबरला ऑफिसातले लोक एकमेकांना 'ग्रेव्ही डे'च्या शुभेच्छा देताना दिसले आणि मला वाटलं, नाताळाआधीचा काही पंथाबिंथाचा सण असेल. तो एका गाण्यातल्या पत्राचा दिवस निघाला. १९९६मध्ये एका मदतनिधीसाठी नाताळच्या गाण्यांचा अल्बम निघत होता, केलीला त्यात गायला बोलावलं होतं. त्याला जे जुनं गाणं गायचं होतं ते दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेलं. मग त्याने स्वतःच लिहिलं. लिहून झालं तर त्यात ध्रुवपद नाही, आणि सगळं घडतं तुरुंगात. नाताळच्या आनंदाला याहून गैरसोयीचं गाणं सापडलं नसतं.

'जो' नावाचा कैदी घरच्या डॅनला पत्र लिहितोय. नाताळ चार दिवसांवर आहे. भाऊ क्वीन्सलंडहून गाडीने येणार, स्टेला विमानाने येणार. म्हणतात उन्हाचा पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जाईल, पण म्हणून भाजलेलं मांस कोणी रद्द करणार नाही. (दक्षिण गोलार्धातला नाताळ हा ऐन उन्हाळ्यातला सण, आणि तरी विलायतेहून आलेला ओव्हनमधला भाजलेला बेत काही सुटत नाही. हे एक वेगळंच प्रकरण आहे.) मग जो विचारतो, आता ग्रेव्ही कोण करणार? आणि कृती सांगतो. मांसातून निथळलेल्या रसात पीठ, मीठ, थोडी रेड वाइन, आणि गोडव्यासाठी टोमॅटो सॉसचा एक चमचा विसरू नकोस. ही कृती केलीच्या पहिल्या सासऱ्यांची.

पत्र पुढे जातं तसतसा जोचा तोल सुटत जातो. मेरीचा आधीचा मित्र, भरमसाट अत्तर मारणारा, त्याचं नावही त्याला धड आठवत नाही. रॉजरची तर त्याला चक्क आठवण येणार आहे. बायको रीटा, मुलं. जेवणानंतर कुठली गाणी लावतील, कोण कोणाबरोबर नाचेल. डॅन रीटाबरोबर नाचेल हे त्याला माहीत आहे, आणि तिला फार जवळ धरू नकोस हे तो लिहून टाकतो. लिहिल्यावर त्याला स्वतःलाच लाज वाटते. म्हणून शेवटी पुन्हा ग्रेव्हीकडे येतो. एक दिवस मीच करीन, भरपूर करीन, सगळ्यांची भरपाई करीन.

त्याने काय गुन्हा केला हे गाण्यात नाही. विचारावंसंही वाटत नाही. आपल्याकडे दिवाळीला किंवा होळीला व्हिडिओ कॉलवर आई-मावशीच्या मागे स्वयंपाकघर दिसतं आणि आपण इथून विचारतो, कटाची आमटी यंदा कोण करणार? त्या प्रश्नात आमटी किती असते आणि आपली वगळली गेलेली जागा किती असते, ते परदेशात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. जोची शिक्षा आणि आपली नोकरी एका मापाने मोजायची नाही, ते खोटं होईल. पण घरच्या एका कामावर आपला हक्क सांगून घरात आपली जागा धरून ठेवायची धडपड, ती तीच आहे.

सुरुवातीला हे गाणं फारसं गाजलं नाही. तक्त्यांवर चढलं नाही. वर्षानुवर्षं लोकांनीच ते वाढवलं, एका डिसेंबरातून पुढच्या डिसेंबरात नेलं, आणि २०२४मध्ये त्यावर सिनेमा निघाला. केलीने असंही सुचवलंय की हा कैदी 'जो' म्हणजे कदाचित 'टू हर डोअर'मधला टॅक्सीत बसलेला माणूसच. म्हणजे दार उघडलं होतं तर. आणि नंतर काय झालं तेही दिसतंच आहे.

केलीच्या दुसऱ्या एका गाण्याने मात्र देशाच्या इतिहासात जागा घेतली. २३ ऑगस्ट १९६६ला नॉर्दर्न टेरिटरीतल्या वेव्ह हिल या गुरांच्या कुरणावरचे गुरिंजी आदिवासी, गुराखी आणि घरकामाच्या बाया, मुलाबाळांसकट काम टाकून चालू लागले. पुढारी व्हिन्सेंट लिंगिअरी. मालक व्हेस्टी, इंग्लंडातला लॉर्ड. वरवर मागणी मजुरीची होती, खरी मागणी जमिनीची. ते वॉटी क्रीकला जाऊन बसले आणि वर्षानुवर्षं हटले नाहीत. १६ ऑगस्ट १९७५ला पंतप्रधान गॉफ व्हिटलम तिथे गेले आणि त्यांनी लिंगिअरींच्या हातात मूठभर माती ओतली. केव्ह कारमडी हा आदिवासी गीतकार आणि केली, दोघांनी शेकोटीजवळ बसून यावर 'फ्रॉम लिटिल थिंग्ज बिग थिंग्ज ग्रो' रचलं. केलीच्या १९९१च्या 'कॉमेडी'त ते आलं, १९९३मध्ये कारमडीनेही आपलं रेकॉर्ड केलं.

मराठी कान या गाण्याला पोवाडाच म्हणेल. कडव्यामागून कडवं प्रसंग, संवाद, तारखांसारखी सरकणारी वर्षं, धनी विरुद्ध रयत. पण आपला शाहीर अंगात वीज भरून गातो, डफावर थाप पडते आणि ऐकणाऱ्याच्या मुठी वळतात. इथे आवाज चढतच नाही. व्हेस्टी पैशाची ऑफर देतो, लिंगिअरी जमिनीचं बोलतो, आणि दोघांचं बोलणं केली एकाच शांत सुरात सांगून टाकतो. जवळजवळ नऊ वर्षं वाट बघितलेल्या माणसांचं गाणं वीररसात गायलं असतं तर ती वर्षं ऐकू आली नसती, असं मला वाटतं. २०१४मध्ये व्हिटलम यांच्या स्मृतिसभेत, सिडनी टाउन हॉलमध्ये, केली आणि कारमडी हेच गायले. त्याआधी याच गाण्याचा वापर निवृत्तिवेतन फंडांच्या जाहिरातीतही होऊन गेला होता! छोट्या हप्त्यांतून मोठी रक्कम. गुरिंजींना काय वाटलं असेल देव जाणे.

गोऱ्या माणसाने आदिवासींची दुःखं गावीत का, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात वाजवी आहे आणि मलाही पडतो. केलीचं उत्तर त्याच्या कामात बघावं लागतं. तो बहुधा जोडीने लिहितो. 'योथू यिंडी' बँडच्या 'ट्रीटी'च्या लिखाणातही त्याचा हात होता. आणि शक्य तिथे तो माइक दुसऱ्याच्या हातात देतो. १९८९मध्ये कॉनलीच्या सांगण्यावरून त्याने आर्ची रोच या अनोळखी गायकाला मेलबर्नच्या मोठ्या सभागृहात आपल्या कार्यक्रमाआधी गायला बोलावलं. रोचला लहानपणी सरकारने आईबापांपासून तोडून नेलं होतं. त्यावरचं 'टुक द चिल्ड्रन अवे' तो गायला. संपलं तेव्हा सभागृहात चिडीचूप. रोचला वाटलं आपलं गाणं पडलं, तो पाठ फिरवून निघाला. तेवढ्यात कुठेतरी टाळी वाजली, मग दुसरी, आणि मग सगळं सभागृह. पुढच्या वर्षी त्याचा पहिला अल्बम 'चारकोल लेन' आला, निर्माते केली आणि कॉनली. केलीने दुसरं काही केलं नसतं तरी या एका कामासाठी त्याचं नाव राहिलं असतं.

थोडं क्रिकेटचं, नाहीतर आमचे लोक इथवर वाचणारच नाहीत. ब्रॅडमनवर केलीचं सात मिनिटांहून लांब गाणं आहे. शेन वॉर्नवर एक आहे, कॅलिप्सोच्या ढंगाचं. १९९८मध्ये ब्रॅडमनच्या नव्वदाव्या वाढदिवसाला ॲडलेडच्या घरी दोन पाहुणे गेले होते, तेंडुलकर आणि वॉर्न. त्या तिघांपैकी दोघांची गाणी झाली. मराठी कवीच्या घरात, वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेला तिसरा तेवढा राहिला. तक्रार नोंदवून ठेवतो. आणि माझ्या रोजच्या लोकलवर, रिचमंडच्या जवळ, 'लीप्स अँड बाउंड्स'मधलं घड्याळ आहे. सायलोवरच्या, म्हणजे धान्याच्या उंच कोठारावरच्या त्या घड्याळात वेळ आणि तापमान दिसायचं. गाण्यात अकरा अंश आहेत आणि समोर एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. घड्याळ कित्येक वर्षं बंद आहे. लोक अजून बोट दाखवतात.

या माणसाच्या यशाची गतीही विचित्र आहे. १९९७ला त्याला ऑस्ट्रेलियन संगीत उद्योगाच्या 'एरिया हॉल ऑफ फेम'मध्ये घेतलं. असा सन्मान मिळाल्यावर माणसं जुनी गाणी गात फिरतात. केलीने २००४मध्ये मेलबर्नच्या एका तंबूत चार रात्रींत आपली शंभर गाणी ए पासून झेड पर्यंत गायली, म्हणजे आवडीनिवडीचा प्रश्नच ठेवला नाही. त्या कार्यक्रमांसाठी जुळवलेल्या टिपणांतून २०१०चं आठवणींचं जाडजूड पुस्तक झालं. आणि ज्याच्या ओळी सगळ्या देशाला पाठ, त्याचा नवा अल्बम देशात पहिल्या क्रमांकावर गेला तो थेट २०१७मध्ये, 'लाइफ इज फाइन', वयाच्या बासष्टाव्या वर्षी. पुढच्या वर्षी 'नेचर'ही गेला.

२०२५मध्ये त्याने सत्तरीचा अल्बम काढला, नावच 'सेव्हन्टी'. त्यात 'रीटा रोट अ लेटर' आहे, जो आणि रीटाची गोष्ट पुढे नेणारं. काय घडतं ते इथे फोडत नाही. गाणं चांगलंय, बँड झकास वाजतो, पण मी त्यावर जरा नाराजच आहे. ज्याने आयुष्यभर दाराअलीकडे थांबायचं शिकवलं त्याने आता दार लोटून आत का जावं? हे मी ऑफिसातल्या एका सहकारी बाईंना बोलून दाखवलं. त्या 'ग्रेव्ही डे' पाळणाऱ्यांतल्या. त्या म्हणाल्या, जवळजवळ तीस वर्षं सगळी पत्रं जोचीच वाचलीत ना तुम्ही, मग रीटाने कधी लिहायचं होतं?